अपघात विभागातील सोनोग्राफी : यंत्राइतकाच सरावही हवा

बोरिवली किंवा घाटकोपर स्थानकाजवळ लोकलमधून पडलेला प्रवासी रुग्णालयात आणला जातो, तेव्हा बाहेरची जखम चटकन दिसते; पोटातला रक्तस्राव दिसत नाही. रक्तदाब घसरत असताना रुग्णाला सीटी स्कॅनसाठी हलवणे धोक्याचे असते. अशा वेळी अपघात विभागातील डॉक्टर खाटेशीच सोनोग्राफी करून काही मिनिटांत एकाच प्रश्नाचे उत्तर शोधतात : आत रक्त साचले आहे का?

या तपासणीला ‘फास्ट’ म्हणतात. यकृत व उजवे मूत्रपिंड यांमधील फट, प्लीहेभोवतालचा भाग, ओटीपोट आणि हृदयाचे आवरण या चार जागा पाहिल्या जातात. साचलेले रक्त पडद्यावर बहुधा काळे दिसते.

ऐकायला हे सोपे वाटते. मात्र रक्त थोडे असेल किंवा पोटाच्या मागील भागात साचले असेल, तर तपासणीत काहीच दिसत नाही. नवखा डॉक्टर फसण्याची शक्यता इथेच अधिक. अमेरिकेतील इमर्जन्सी डॉक्टरांच्या संघटनेने प्रत्येक प्रकारच्या तपासणीसाठी 25 ते 50 सोनोग्राफींचा सराव सुचवला आहे, आणि त्या जाणकाराने पडताळलेल्या असाव्यात अशी अट आहे. आपल्याकडे इमर्जन्सी मेडिसिनला स्वतंत्र विषय म्हणून मान्यता मिळाली ती 2009 मध्ये. साहजिकच शिकवणारे अनुभवी हात अजून मोजकेच.

महाराष्ट्रात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा देशातील पहिला कायदा याच राज्याने 1988 मध्ये केला. केंद्राचा कायदा 1994 चा. त्यानुसार सोनोग्राफी यंत्र असलेल्या केंद्राची नोंदणी आणि गर्भवतीच्या तपासणीसाठी ‘फॉर्म एफ’ बंधनकारक आहे. राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे 2001 मध्ये 913 मुली होत्या, 2011 मध्ये 894. ही कडक नजर अनाठायी आहे, असे कोण म्हणेल? पण गर्भनलिकेत राहिलेला गर्भ फुटून एखादी स्त्री मध्यरात्री येते, तेव्हा कुलूपबंद यंत्राची किल्ली शोधण्याइतका वेळ नसतो. नोंदणीकृत यंत्र अपघात विभागातच असणे, ते हाताळणारे पात्र डॉक्टर आधीच ठरलेले असणे आणि कोरे फॉर्म हाताशी असणे, एवढी तयारी कायद्याच्या चौकटीत करता येते. शिकाऊ डॉक्टरांच्या सरावाची सोयही त्याच चौकटीत बसवावी लागेल.

13 मे 2024 रोजी घाटकोपरच्या छेडानगरात जाहिरात फलक कोसळून 17 जणांचा मृत्यू झाला. जखमींना राजावाडी रुग्णालयात नेण्यात आले. एकाच वेळी इतके जखमी दाखल होतात, तेव्हा शस्त्रक्रियेसाठी आधी कोणाला न्यायचे हे ठरवण्यात अशी तपासणी मोलाची ठरते. तो निर्णय घेणारा हात रोजच्या ड्युटीतच तयार व्हावा लागतो : प्रत्येक तपासणीची प्रतिमा जपून ठेवायची, आणि नंतर सीटी स्कॅनमध्ये किंवा शस्त्रक्रियेत काय आढळले, त्याच्याशी ती ताडून पाहायची.