वाटी, परात आणि प्रकाश : खिशात मावणाऱ्या दोन कॅमेऱ्यांची तुलना

छायाचित्रण ही एके काळी श्रीमंतांची हौस होती. आज ती सर्वांच्या हातात आली आहे. परंतु साधन हाती आले म्हणून त्याचे मर्मही हाती येते असे नाही. कॅमेरा विकत घ्यायला निघालेला माणूस दुकानात पहिला प्रश्न विचारतो तो म्हणजे, "किती मेगापिक्सेलचा आहे?" दुकानदार आकडा सांगतो, आकडा मोठा असला की कॅमेरा चांगला असे ठरते आणि व्यवहार पुरा होतो. हा प्रश्न मुळातच अपुरा कसा आहे आणि त्याऐवजी काय विचारावे, हे सांगण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

कला शाखेच्या विद्यार्थ्यांना या यंत्रशास्त्राशी काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. पण आपल्यापैकी कितीतरी जण इतिहासाच्या किंवा लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी खेडोपाडी जातात. वेशीजवळ पडलेला वीरगळ, देवळाच्या ओवरीतला शिलालेख, जत्रेतील विधी या गोष्टी आपण टिपून आणतो. पुढे जीर्णोद्धारात एखादा दगड भिंतीत जातो, एखाद्या मूर्तीवर ऑइलपेंटचा जाड थर चढतो, आणि मग विद्यार्थ्याने काढलेले छायाचित्र हाच त्या वस्तूच्या मूळ रूपाचा पुरावा उरतो. तो अस्पष्ट निघाला तर पुन्हा काढता येत नाही. म्हणून साधनाची निवड ही आपल्या दृष्टीने निव्वळ हौसेची बाब नाही.

तुलनेसाठी मी दोन कॅमेरे घेतले. दोन्ही २०१२ साली बाजारात आले आणि दोन्ही सदऱ्याच्या नाही तरी कोटाच्या खिशात सहज मावतात. एक कॅननचा पॉवरशॉट एसएक्स २६० एचएस, वजन सुमारे २३१ ग्रॅम. दुसरा सोनीचा सायबरशॉट आरएक्स १००, वजन सुमारे २४० ग्रॅम. पहिला १२.१ मेगापिक्सेलचा, दुसरा २०.२ मेगापिक्सेलचा. तराजूत टाकले तर दोघांत पेढ्याएवढाही फरक नाही. खरा फरक आत आहे, आणि तो सेन्सरच्या आकाराचा आहे.

सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातील प्रकाश ग्रहण करणारी चकती. जुन्या कॅमेऱ्यात जे काम फिल्म करीत असे, ते इथे सेन्सर करतो. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी नावाच्या उपकरणाची कल्पना मांडली आणि त्यांना २००९ सालच्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. पुढे सीमॉस हा दुसरा प्रकार रूढ झाला. आपल्या दोन्ही कॅमेऱ्यांत तोच आहे.

या सेन्सरचे माप सांगण्याची पद्धत मात्र मोठी फसवी आहे. कॅननचा सेन्सर "एक भागिले २.३ इंच" म्हणवतो आणि सोनीचा "एक इंची". आता एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. परंतु या एक इंची सेन्सरची कोणतीही बाजू एवढी नाही. त्याचा कर्णसुद्धा जेमतेम १६ मिलिमीटर भरतो. कारण असे की, हे माप दूरचित्रवाणीच्या जुन्या कॅमेऱ्यातील काचेच्या नळीवरून आले आहे. एक इंच व्यासाच्या नळीत चित्रासाठी सुमारे १६ मिलिमीटर कर्णाचा भाग उपयोगी पडे. नळ्या गेल्या, नाव राहिले. म्हणून इंच सोडून सरळ मिलिमीटर पाहावेत. कॅननचा सेन्सर ६.१७ बाय ४.५५ मिलिमीटर, म्हणजे सुमारे २८ चौरस मिलिमीटर. सोनीचा १३.२ बाय ८.८, म्हणजे सुमारे ११६ चौरस मिलिमीटर. थोडक्यात, दुसरा पहिल्याच्या चौपटीहून किंचित मोठा आहे. जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मची चौकट ३६ बाय २४, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर होती, हे लक्षात घेतले तर दोघेही तिच्यापुढे लहानच.

आकाराने काय साधते? आपल्या परंड्या-भूमच्या बाजूला पाऊस बेताचा, म्हणून पावसाचाच दाखला घेऊ. अंगणात एक वाटी आणि एक परात शेजारी शेजारी ठेवली. पाऊस दोन्हींवर सारखाच पडतो. पाण्याची उंची मोजली तर दोन्हींत तितकेच मिलिमीटर भरेल. पर्जन्यमापक चालतो तो याच तत्त्वावर. पण एकूण पाणी मात्र परातीत कितीतरी जास्त. प्रकाशाचे असेच आहे. प्रकाशही थेंबाथेंबाने येतो. त्या थेंबांना शास्त्रज्ञ फोटॉन म्हणतात. धो धो पाऊस असेल तर वाटी काय नि परात काय, दोन्हींचा अंदाज बरोबर येतो. नुसती बुरबुर असेल तर वाटीत एका मिनिटात बारा थेंब पडतील, दुसऱ्या मिनिटात वीस. गणित असे सांगते की, सरासरी १६ थेंब पडत असतील तर त्यात ४ थेंबांचा चढउतार, म्हणजे शेकडा २५ची चूक संभवते. सरासरी १६०० थेंब असतील तर चढउतार ४०चा, म्हणजे शेकडा अडीचच. अंधारात काढलेल्या छायाचित्रावर जी वाळू पसरल्यासारखी दिसते, ती बव्हंशी हीच थेंबांच्या मोजणीतली अनिश्चितता होय. प्रकाश कमी, थेंब कमी, म्हणून वाळू जास्त.

आता भिंगाचा भाग पाहू. भिंगाच्या क्षमतेला "एफ" आकडा लावतात. आकडा लहान तितका प्रकाश अधिक. दृश्य रुंद घ्यायचे असेल तेव्हा कॅननचा आकडा ३.५ आणि सोनीचा १.८. या फरकामुळे सोनीच्या सेन्सरच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर पावणेचारपट प्रकाश पडतो, आणि सेन्सरही चौपट मोठा. गुणाकार केला तर तितक्याच वेळात सोनी सुमारे सोळापट प्रकाश गोळा करतो. सोळापट प्रकाश म्हणजे वाळूच्या तुलनेत चित्र चौपट स्वच्छ. या हिशेबात मेगापिक्सेलचा आकडा कुठेच आला नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

हे कागदावरचे झाले. प्रत्यक्षाची परीक्षा घेण्यासाठी मी परंडा तालुक्यातील सोनारीचे काळभैरवनाथाचे देऊळ निवडले. त्याला दोन कारणे होती. जुन्या दगडी देवळाच्या आत भर दुपारीही अंधार असतो आणि बाहेर लख्ख ऊन. दुसरे कारण म्हणजे सोनारीची प्रसिद्ध माकडे. ती कधी पायरीवर असतात, कधी उंच शिखरावर, आणि प्रसादाच्या पिशवीची चौकशी ती भक्ताच्या आधी करतात. गाभाऱ्याचे छायाचित्र घ्यायचे नाही असे ठरवून, परवानगी घेऊन, मी फक्त आतील दगडी कामाची छायाचित्रे घेतली.

आत, संध्याकाळी, दोन्ही कॅमेरे हातात धरून सेकंदाचा तिसावा भाग एवढाच वेळ दिला. सोनीला आयएसओ ४०० पुरले, कॅननला ते १६०० पर्यंत चढवावे लागले. आयएसओ वाढवणे म्हणजे प्रकाश वाढवणे नव्हे. हिशेबात थोडे थेंब असताना ते गुणून जास्त दाखवणे होय. चूकही त्याबरोबर गुणली जाते. सोनीच्या चित्रात छिन्नीच्या खुणा स्पष्ट होत्या. कॅननच्या चित्रात वाळू घालवण्यासाठी कॅमेऱ्यानेच पृष्ठभाग पुसून गुळगुळीत केला होता, आणि वाळूबरोबर छिन्नीच्या खुणाही गेल्या होत्या. झिजलेला शिलालेख वाचणाऱ्याला यातील धोका सांगायला नको. अक्षराचा काना आहे की दगडाची चीर, हे ठरवण्याचा आधारच नाहीसा होतो.

एवढ्यावरून मोठा सेन्सर जिंकला असे कोणी म्हणेल, पण पुढचा प्रयोग पाहावा. कॅनन तिपाईवर ठेवला, आयएसओ १०० केले आणि तिसाव्या भागाऐवजी अर्धा सेकंद व त्याहून अधिक वेळ दिला. चित्र स्वच्छ आले. वाटी लहान असली तरी ती अंगणात जास्त वेळ ठेवली की पाणी भरतेच! दगड हलत नाही, त्याला घाई नसते. तेव्हा वीरगळ, शिलालेख, खांब यांच्यासाठी लहान सेन्सर आणि एक भक्कम तिपाई एवढ्यात काम भागते. चैत्रातील यात्रेत मात्र रथ ओढणारी माणसे आपल्यासाठी थांबत नाहीत. तिथे तिपाई निरुपयोगी, परातच हवी.

तिसरा प्रयोग शिखरावरच्या माकडाचा. कॅननचे भिंग वीसपट झूम करते. जुन्या ३५ मिलिमीटरच्या भाषेत २५ पासून ५०० पर्यंत. सोनीचे साडेतीनपटीच्या आसपास, २८ पासून १०० पर्यंत. म्हणजे दूरची वस्तू कॅननमध्ये पाचपट मोठी दिसते. सोनीच्या चित्रातील तेवढाच भाग कापून घेतला तर २०.२ मेगापिक्सेलचा पंचविसावा भाग, म्हणजे जेमतेम ०.८ मेगापिक्सेल हाती उरतो. कॅननजवळ पुरे १२.१ असतात. कॅननच्या चित्रात माकडाच्या पापण्या दिसल्या. सोनीच्या चित्रात माकड आहे एवढेच कळले.

यामागचे कारण मनोरंजक आहे. दूरच्या वस्तूकडून किती प्रकाश आत येतो हे सेन्सर ठरवत नाही, भिंगाच्या उघड्या तोंडाचा व्यास ठरवतो. पूर्ण झूमवर कॅननचे ते तोंड सुमारे १३ मिलिमीटरचे होते, सोनीचे साडेसात मिलिमीटरच. त्याच माकडाकडून कॅननला तिप्पट प्रकाश मिळतो! सेन्सर लहान ठेवल्यामुळेच एवढे लांब पल्ल्याचे भिंग खिशात मावू शकले. सोनीच्या सेन्सरसाठी तेवढ्या पल्ल्याचे भिंग केले असते तर ते खिशात राहिले नसते, खांद्यावर आले असते.

न्यायाच्या दृष्टीने हेही सांगितले पाहिजे की, पाचपटीचा लाभ पुरता पदरात पडत नाही. बारीक तोंडातून जाताना प्रकाश पसरतो. पूर्ण झूमवर कॅननमध्ये प्रकाशाचा एक बिंदू सुमारे ९ मायक्रॉनचा ठिपका होतो आणि त्याचा एक पिक्सेल फक्त दीड मायक्रॉनचा आहे. एका ठिपक्याच्या रुंदीत सहा पिक्सेल बसतात. म्हणजे १२.१ मेगापिक्सेलमधील पुष्कळसे तीच बातमी पुन्हा सांगत असतात. मेगापिक्सेलच्या आकड्यावर विसंबू नये याचे हे दुसरे कारण.

काही किरकोळ पण उपयोगाचे मुद्दे. लहान सेन्सरमध्ये जवळचे व दूरचे दोन्ही एकदम स्पष्ट येते. उठावाच्या शिल्पासाठी ते सोयीचे. सोनीमध्ये छिद्र बारीक करून तेच साधता येते, पण मग त्याचा प्रकाशाचा लाभ खर्ची पडतो. सोनी "रॉ" स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने पुसापुशी न केलेले चित्र देतो. कॅनन देत नाही. उलट कॅननमध्ये जीपीएस आहे. कोणता वीरगळ कोणत्या शिवारात पाहिला याची नोंद चित्राबरोबर आपोआप होते. आणि छपाईचे म्हणाल, तर एवढ्या आकाराचे वार्षिक अंकाचे पूर्ण पान उत्तम छापायला सुमारे ९ मेगापिक्सेल पुरतात. दोन्ही कॅमेरे त्यापुढे आहेत.

मोबाइल असताना वेगळा कॅमेरा कशाला, हा प्रश्न रास्त आहे. आजचा मोबाइल एका क्षणात अनेक चित्रे घेऊन त्यांची बेरीज करतो. म्हणजे अनेक वाट्या भरून एका भांड्यात ओततो. स्थिर वस्तूंसाठी ही युक्ती छान चालते. हलत्या माणसांच्या बाबतीत बेरीज चुकते आणि यंत्र अंदाजाने रंगवते. नोंदीच्या कामात अंदाजाला जागा नसते, एवढे भान ठेवावे.

तात्पर्य, कॅमेरा घेताना मेगापिक्सेलच्या आधी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत : ज्याचे छायाचित्र घ्यायचे ते हलते का? ते अंधारात आहे का? ते दूर आहे का? हलते आणि अंधारातले असेल तर मोठा सेन्सर आणि लहान एफ आकडा. दूरचे आणि उन्हातले असेल तर लहान सेन्सर आणि लांब पल्ल्याचे भिंग. स्थिर आणि जवळचे असेल तर जो कॅमेरा हाताशी आहे तो, आणि एक तिपाई. आपल्या भागातील बहुतेक वीरगळ व शिलालेख या तिसऱ्या वर्गात मोडतात. तेव्हा चांगला कॅमेरा मिळेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. सकाळचे तिरपे ऊन दगडावर पडते तेव्हा झिजलेली अक्षरेही उठून दिसतात, आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत, पहाटे उठावे मात्र लागते.