वरोरच्या चैत्रात हरितगृह

फाल्गुन उतरणीला लागला की डहाणू तालुक्याच्या किनाऱ्यावरच्या वरोर-चिंचणी पट्ट्यातल्या परसांत एक सल्ला फिरू लागतो. बियांच्या पाकिटांवर तो असतो, मोबाइलवरच्या व्हिडिओंतही असतो: वसंत आला, घरच्या हरितगृहात टोमॅटो-मिरचीचं बी टाका, उबेत रोपं जोमाने वाढतील. सल्ला खरा आहे, पण तो दुसऱ्या आकाशाखालच्या माणसासाठी आहे. २१ मार्चला भर दुपारी लंडनमध्ये सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३८ अंश वर चढतो. त्याच दिवशी वरोरला तो ७० अंशांवर असतो आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात थेट डोक्यावर येतो. तिथल्या बागायतदाराला मार्चमध्ये ऊब गोळा करायची असते, आपल्याला ती बाहेर घालवायची असते.

म्हणून पहिला गैरसमज प्लास्टिकच्या कागदाचा. चार बांबू रोवून चारही बाजूंनी कागद ताणला की हरितगृह झालं, असं समजतात. चैत्रातल्या उन्हात अशा बंद खोपटाच्या आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा १०-१५ अंशांनी सहज वर जातं. बाहेर तेहतीस असेल तर आत पंचेचाळीस. या उष्णतेचं कारणही बहुतेक जण चुकीचं सांगतात. काच किंवा प्लास्टिक उष्णतेचे किरण आत कोंडून ठेवतं, असं आपण शाळेत शिकलो. अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९०९ मध्ये दोन पेट्या उन्हात ठेवल्या. एकीवर काच होती, दुसरीवर सैंधव मिठाचा पारदर्शक तुकडा. सैंधवातून उष्णतेचे किरण आरपार जातात, तरी दोन्ही पेट्या जवळजवळ सारख्याच तापल्या. पेटी तापते ती मुख्यतः तापलेली हवा वर निघून जाऊ शकत नाही म्हणून. परसात याचा अर्थ सोपा आहे: हवेला वाट दिली की निम्मं काम झालं. बाजू उघड्या ठेवा, छपराखाली गरम हवा निसटायला फट ठेवा, आणि समुद्राकडची बाजू तर मुळीच बंद करू नका. दुपारनंतर येणारं खारं वारं हाच आपला फुकटचा पंखा आहे.

टोमॅटोची फुलं गळाली की खत कमी पडलं असं म्हणून लोक युरिया टाकतात. झाड आणखी हिरवंगार होतं आणि फळ काही धरत नाही. दिवसाचा पारा पस्तिशीला टेकला आणि रात्रही चोविशीच्या खाली उतरेना, की टोमॅटोचा परागच दुबळा होतो. किनाऱ्यावर चैत्र-वैशाखात रात्री अशाच असतात, आणि कुठलंही घरगुती हरितगृह रात्र थंड करत नाही. टोमॅटो आपल्याकडे थंडीचं पीक आहे, ते थंडीतच घ्यावं. वसंतात भेंडी, गवार, चवळी, लाल माठ, काकडी, दुधी लावा. यांना छपराची गरजही नाही.

मग आच्छादन हवंच कशाला? कोवळ्या रोपांसाठी, नाजूक पालेभाजीसाठी आणि मिरचीसाठी. वाणगावची मिरची ओळखीची आहे, आणि डहाणू तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी ढोबळी मिरचीसाठी शेडनेट आपलीशी केली आहे. ती पाहून घरासाठी जाळी घ्यायला जाणारा माणूस हटकून सगळ्यात दाट, ७५ टक्क्यांची हिरवी जाळी घेऊन येतो, कारण जितकी सावली जास्त तितकं झाड सुखी, असं त्याला वाटतं. जाळीवरचा आकडा म्हणजे अडवलेला उजेड. पालेभाजीला आणि रोपांना ५० टक्क्यांची पुरते, फळभाजीला ३५ची. त्याहून दाट सावलीत रोप उजेड शोधत लांबुळकं होतं, फुलं येत नाहीत. हिरव्या रंगातही काही जादू नाही. पान तांबडा आणि निळा प्रकाश अधिक वापरतं. जाळी हिरवी असो की पांढरी, उजेड किती येतो ते पाहायचं. कवडशांची सावली आपल्या भागाला नवी नाही. केळवे-माहीमच्या वाड्यांत नाजूक पानवेल केळीच्या आणि इतर झाडांच्या सावलीत पिढ्यान् पिढ्या वाढत आली. नेट परवडत नसेल तर मांडवावर विरळ पसरलेल्या नारळाच्या झावळ्या तेच काम करतात.

‘जाळी लावली, आता कीड येणार नाही’ हाही असाच एक भरवसा. साध्या शेडनेटच्या भोकांतून पांढरी माशी आरामात आत येते. तिला अडवायला ४० ते ५० मेशची बारीक जाळी लागते, आणि फुलकिडे त्यातूनही थोडेफार शिरतातच. शिवाय बारीक जाळी वारं अडवते. ती रोपं लहान असेपर्यंत वाफ्यापुरती ठेवावी. मिरचीवर बोकड्या, म्हणजे पानं आकसून वळण्याचा रोग, दिसला तर फवारा उचलण्याआधी पान नीट पाहा: कडा वरच्या बाजूला वळल्या असतील तर बहुधा फुलकिडे, खाली वळल्या असतील तर कोळी कीड. दोघांवरचे उपाय वेगळे आहेत.

आता पाणी. इथे सगळ्यात जास्त रोपं मरतात, म्हणून हे सविस्तर सांगायला हवं. दुपारी पानं मान टाकतात आणि आपण धावत बादली घेऊन जातो. ही मरगळ पुष्कळदा तात्पुरती असते: मुळं जेवढं पाणी ओढतात त्याहून जास्त पानांतून उडतं. संध्याकाळी पान पुन्हा ताठ झालं तर त्याला काही नको होतं. सततच्या ओलीने मात्र रोपं बुडाशी कुजून कोलमडतात. मातीत बोट खुपसून पाहा आणि मगच पाणी द्या.

भर उन्हात पानांवर पडलेले थेंब भिंगासारखे पान जाळतात, हे तर घरोघरी ऐकायला मिळतं. हंगेरीतल्या संशोधकांनी २०१० मध्ये हे तपासलं. गुळगुळीत पानावर पसरलेला थेंब ऊन एवढं एकवटू शकत नाही. फक्त दाट लव असलेल्या पानांवर, लवेच्या टोकांवर तरंगणाऱ्या थेंबाने डाग पडू शकतो. मग आपल्या मिरचीच्या पानांच्या कडा करपतात त्या कशाने? किनाऱ्याजवळच्या विहिरी चैत्रात मचूळ होतात. ते पाणी उन्हात आटतं, मीठ पानावर आणि कुंडीत मागे राहतं. कुंडीच्या कडेला जमलेली पांढुरकी खपली म्हणजे तेच. मिठाची झळ प्रत्येक पिकाला वेगळी लागते: श्रावणघेवडा सगळ्यांत हळवा, मिरची मध्यम, टोमॅटो त्याहून चिवट. असं पाणी रोज थोडं थोडं शिंपणं हे सगळ्यात वाईट. पाणी मुळाशी द्या, कमी वेळा पण कुंडीच्या बुडातून निथळेपर्यंत द्या, म्हणजे मीठ धुऊन जाईल. कुंडीखालची ताटली काढून टाका. मातीवर भाताचा पेंढा पसरा. पाणी फारच खारं वाटलं तर कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात त्याच्या तपासणीबद्दल विचारा.

जाळीच्या आत वेल लावला असेल तर एक गोष्ट विसरू नका. मिरची आपली आपण फळते, फांदी हलकेच हलवली तरी पुरते. काकडी, दुधी, शिराळी यांना मधमाशी किंवा तुमचा हात लागतो. लोक सगळी फुलं सकाळी हाताने फळवतात आणि दुधी धरत नाही म्हणून कष्टी होतात. काकडी-कारल्याची फुलं सकाळी उमलतात. दुधी आणि शिराळीची मात्र दिवस कलल्यावर.

प्लास्टिकचा कागद आणून बसला असाल तर तो टाकून देऊ नका. मृग लागण्याआधी शेडनेट उतरवून घडी करून ठेवा, नाहीतर पहिल्याच वादळी वाऱ्यात ती बांबूंसकट जाईल. आषाढ-श्रावणात आपल्या पावसाच्या धारा वाफ्यातलं रोप मातीत गाडतात, तेव्हा फक्त वर कागद आणि चारही बाजू उघड्या, असं छप्पर करा. भाद्रपदात त्याच्याखाली टाकलेलं टोमॅटोचं बी थंडी पडेपर्यंत लावणीला आलेलं असेल.