धाकटीला ‘धांदरट’ म्हणण्याआधी

घरात एक मूल स्वमग्न असले म्हणजे त्या घराची सारी घडी त्याच्याभोवतीच बसते. तो बोलत नाही, हाक मारली तर वळून पाहत नाही, भांड्याचे झाकण गरगर फिरवत तासन्‌तास बसतो, बसस्टँडवरच्या गोंगाटाने कान झाकून ओरडतो. मग वैजापूरहून नाहीतर सिल्लोडहून पहाटेची एस. टी. धरायची, छत्रपती संभाजीनगरला घाटीत यायचे, केसपेपर काढायचा, रांगेत बसायचे आणि दिवेलागणीला परतायचे. या धावपळीत त्याच्या पाठची बहीण चालायला कधी लागली, हे आईलाही नीट आठवत नाही. कोणी विचारलेच तर आपण म्हणतो, “देवाच्या दयेने ही मात्र ठीक आहे.”

ती ठीक असतेही. चुरूचुरू बोलते, भावाला सांभाळते. पण जरा बारकाईने पाहा. सपाट अंगणात ती अडखळते. दुधाचा पेला तिच्याच हातून सांडतो. फ्रॉकची बटणे लावायला तिला आई लागते. चार ओळी लिहिल्या की बोटे दुखतात आणि अक्षर तर विचारूच नका. रात्री पाय दुखतात म्हणून रडते, सकाळी पाहावे तर खेळायला पळालेली! मग आजी म्हणते, सोंगे करते. गुरुजी म्हणतात, वेंधळी आहे. आणि कापूस वेचायला नेली की आपणच म्हणतो, कामचुकार आहे.

वाचकहो, ती कामचुकार नसेल. तिचे सांधे सैल असतील आणि हाता-पायांचा मेळ बसायला तिला इतर मुलांपेक्षा जास्त खटपट पडत असेल.

सांधे आपल्या जागी धरून ठेवणारे चिवट बंध काही मुलांत उपजतच मऊ असतात. दाराची बिजागरी ढिली झाली की दार हवे त्याहून जास्त उघडते, पण चौकटीत नेमके बसत नाही, तसेच हे. हात कुठे आहे, पाय किती वाकला, याची खबर सांध्यांतून आणि स्नायूंतून मेंदूला जात असते. सांधा सैल असला की ही खबर नीट पोचत नाही. शिवाय सांधा सावरायला स्नायूंना दुप्पट राबावे लागते, म्हणून मूल लवकर थकते. काही मुलांचे सांधे चांगले असतात, पण हालचाल जुळवणे मेंदूलाच जड जाते. कित्येकांत दोन्ही एकत्र आढळते. बुद्धीचा याच्याशी संबंध नाही.

स्वमग्न मुलांत अशा अडचणी जास्त दिसतात, हे डॉक्टरांना माहीत होतेच. भावंडांकडे लक्ष गेले ते अलीकडे. अमेरिकेत बाल्टिमोर येथील संशोधकांनी २०१२ साली सहा महिन्यांच्या बाळांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. बाळाला उताणे ठेवून दोन्ही हातांनी हळूच बसते करायचे आणि मान मागे लोंबते का, ते पाहायचे. ज्यांचे थोरले भावंड स्वमग्न आहे अशा बाळांत चारांपैकी तिघांची मान मागे राहिली. इतर बाळांत तिघांपैकी एकाची. अभ्यास लहान होता, आणि मान लोंबली म्हणजे बाळ स्वमग्न होणार असे मुळीच नव्हे. पण एकाच घरातल्या मुलांना काही गोष्टी वारशाने सारख्याच मिळतात, एवढे त्यातून दिसते. पोटुशी असताना ग्रहण पाहिले, माहेरी जास्त राहिली, असली कारणे काढून सुनेला बोल लावू नका.

आणखी एक आकडा सांगून ठेवतो. थोरले मूल स्वमग्न असले तर पाठचे मूलही तसे असण्याचा संभव साधारण पाचांत एक, असे २०२४ सालच्या मोठ्या पाहणीत आढळले. म्हणजे पाचांपैकी चार मुले स्वमग्न नसतात. पण त्या चारांतल्या काहींचे बोलणे किंवा चालणे उशिरा होते, आणि त्यांच्याकडे पाहायला घरात कोणाला सवड नसते.

घरच्या घरी काय पाहाल? अंगठा मनगटाकडे वाकवला तर हाताला टेकतो का? करंगळी मागे सरळ उभी राहते का? कोपर आणि गुडघा उलट्या बाजूला वाकतो का? गुडघे न वाकवता दोन्ही तळवे जमिनीला टेकतात का? हात सोडल्यावर मूल आपण होऊन जेवढे करील तेवढेच पाहा. जोर लावून वाकवू नका. नुसते सांधे लवचिक असणे हा काही रोग नाही. लहान मुले मोठ्यांपेक्षा लवचिक असतातच. मल्लखांबावरची पोरे पाहा ना! लवचिकपणाबरोबर दुखणे, वारंवार पडणे, थकणे किंवा लिहिता न येणे असेल तरच दाखवायला न्यावे.

मात्र काही खुणा दिसल्या तर एक दिवसही दवडू नका. सांधा सुजला, गरम लागला, मूल सकाळी आखडलेले उठते, ताप राहतो. मुलगा जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत चढल्यासारखा उठतो आणि पोटऱ्या जाड दिसतात. किंवा काल येत होते ते आज येईनासे झाले. ही दुखणी वेगळी आहेत. अशा वेळी चोळून घेणे, ‘सांधा बसवून घेणे’, गावातल्या कोणाकडून इंजेक्शन टोचून घेणे, यात मुलाचे नुकसान होते.

बाकी उपचार साधा आहे. व्यायामतज्ज्ञ, म्हणजे फिजिओथेरपिस्ट, सांध्याभोवतीचे स्नायू बळकट करायला शिकवतात. आपल्याकडे त्यासाठी साहित्य घरातच आहे. कणीक तिंबू द्या, ओल्या मातीचे बैल करू द्या, शेंगा फोडू द्या, बांधावरून तोल सांभाळत चालू द्या. पेन्सिलीला चिंधी गुंडाळून ती जाड करा. वेणी घालणे, बटण लावणे ही कामे एकेक पायरी करून शिकवा, घाई करू नका. भरलेली कळशी आणि कडेवर भाऊ हे ओझे मात्र तिच्यावर टाकू नका. ते सर्वांत आधी थांबवा.

दाखवायला दूर जावेच लागते असे नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा यायचे असते. पथकाची तारीख अंगणवाडीताईंना विचारून ठेवा आणि धाकटीच्या तक्रारी तोंडाने सांगा. गर्दीत डॉक्टरांना त्या आपोआप दिसणार नाहीत. थोरल्याचे अपंगत्वाचे प्रमाणपत्र काढले नसेल तर तेही काढा. २०१६ च्या कायद्यात स्वमग्नतेचे नाव स्पष्ट घातलेले आहे.

आणि पुढच्या खेपेला थोरल्याला घेऊन घाटीत याल, तेव्हा धाकटीला शेजारी ठेवून येऊ नका. तिलाही आणा, आणि खिडकीवर दोन केसपेपर मागा.