अर्ध्या टनाची घोडी

धानाची मळणी आटोपली की मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, वडसा या पट्ट्यातल्या वर्कशॉपांत ट्रॅक्टर दुरुस्तीला येऊ लागतात. गिअरबॉक्स उतरवायचा म्हटलं की अजूनही चार पोरं, दोन सब्बली आणि लाकडाचे ठोकळे एवढाच सरंजाम. बोटं चेचतात ती इथेच.

जड माल हलवणं या मुलखाला नवं नाही. सागाचे ओंडके ओढायला वनखात्यानं हत्ती पाळले. कमलापूरचा हत्ती कॅम्प त्यातूनच उभा राहिला. वर्कशॉपला मात्र भार टांगायची लोखंडाची घोडीच हवी.

सोपा मोह असतो तो छताच्या म्यालीला साखळी बांधण्याचा. छप्पर असतं पत्रे आणि वारा पेलण्यासाठी, एका बिंदूवर लटकलेल्या इंजिनासाठी नव्हे. त्यात सागवानी म्यालही आतून वाळवीनं पोखरलेली असू शकते. म्हणून घोडी स्वतंत्र उभारावी. दोन्ही बाजूंना पाइपांचे तिरपे पाय, वर १५० मिलिमीटर उंचीचा आय-गर्डर. तीन मीटरच्या अशा गर्डरच्या मधोमध अर्धा टन लटकवला, तर हिशोबानं तो जेमतेम दोन मिलिमीटर वाकतो. घोडी कलंडते ती बहुतेक वेळा भार तिरका ओढल्यामुळे. साखळी ओळंब्यातच हवी.

पाय घरी जोडावेत, चेनकुप्पी (भार उचलायची साखळीची कप्पी) आणि हूक मात्र क्षमता कोरलेलेच विकत घ्यावेत. सळई वाकवून केलेला हूक भाराखाली उलगडतो. घडीव हुकावर वेल्डिंग केलं, तर त्याला दिलेलं पाणी उतरतं.

चेनकुप्पीची खरी करामत तिच्या ब्रेकमध्ये आहे. हातसाखळी सोडली की लटकलेला भारच ब्रेकच्या चकत्या आवळतो आणि जागच्या जागी थांबतो. वर चढताना ऐकू येणारी टकटक दात्यांवरून सरकणाऱ्या खिटीची. भरपूर तेल सोडायची मिस्त्रींना सवय. पण या कोरड्या चकत्यांवर तेल गेलं तर भार घसरतो.

भार बांधायच्या दोरवाटाचंही तसंच, छोटी चूक महागात पडते. ५०० किलोचा भाग दोन फाट्यांनी उचलताना प्रत्येक फाटा जमिनीशी ६० अंशांत असेल, तर प्रत्येकावर सुमारे २९० किलोचा ताण येतो. फाटे पसरून कोन ३० अंशांवर आला की तोच ताण पुरा ५०० किलो होतो. वस्तू तीच, दोर तोच.

वेल्डिंग तपासायची जुनी रीत अजून कामाची आहे. सांध्यावर रॉकेल लावायचं, पुसून घ्यायचं आणि वर खडूची पूड चोळायची. तडा असला तर त्यात मुरलेलं रॉकेल पुडीवर ओली रेघ उमटवतं. मग भाराची परीक्षा. घुग्घुस-गडचांदूरच्या या सिमेंट मुलखात ५० किलोची गोणी कुठेही मिळते. तेरा गोण्या, म्हणजे ६५० किलो, पाटावर रचून वीतभरच उचलाव्यात, दहा मिनिटं तशाच ठेवाव्यात आणि मग पुन्हा प्रत्येक सांधा पाहावा. खाली कुणी उभं राहू नये.

१९४८ च्या कारखाना कायद्याच्या २९ व्या कलमानं उचलयंत्रावर सुरक्षित भार ठळक लिहिणं आणि वर्षातून एकदा जाणकाराकडून तपासणी करून घेणं बंधनकारक केलं. दोन-चार माणसांची वर्कशॉपं त्यात मोडत नव्हती, म्हणून ही जबाबदारी मालकानंच उचलायला हवी. गर्डरवर रंगानं ‘५०० किलो’ लिहावं, आणि दसऱ्याला हत्यारांची पूजा होते त्या दिवशी हार घालण्याआधी हूक, साखळी आणि सांधे तपासून घ्यावेत.