पॉलिहाऊसमधला खताचा खर्च: गोणीचा भाव बघू नका, आतला किलो बघा

आमच्या वारूळवाडीला लागूनच नारायणगावचा टोमॅटो बाजार. 2023 च्या जुलैत इथं क्रेट दोन हजारांच्या पुढे गेलं आणि पुढच्या काही आठवड्यांत भाव कोसळले. भाव तुमच्या हातात नाही. पॉलिहाऊस टाकून ढोबळी मिरची करणार असाल, तर हातात राहतो तो खर्च. त्यात सगळ्यात जास्त गळती कुठं होते? खतात नाही, खताच्या जोडीला येणाऱ्या बाटल्यांत.

आधी खत. 0:0:50 ची 25 किलोची गोणी म्हणजे साडेबारा किलो पालाश. 13:0:45 च्या तेवढ्याच गोणीत सव्वाअकरा किलो पालाश आणि सव्वातीन किलो नत्र. उदाहरणाला पहिली 3,000 रुपयांना धरा, म्हणजे पालाश 240 रुपये किलो पडलं. दुसरीचा हिशोब करताना आधी नत्राची किंमत वजा करा, मग तुलना करा. आजचे भाव टाकून हे स्वतः करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. फक्त स्वस्त पडलं म्हणून 0:0:50 आणि कॅल्शियम नायट्रेट एकाच टाकीत कालवू नका. सल्फेट आणि कॅल्शियम मिळून जिप्सम बसतं, ड्रिपर चोक होतात आणि वाचवलेले पैसे लॅटरल बदलण्यात जातात.

शेड्यूल घेण्याआधी विहिरीच्या पाण्याचा रिपोर्ट काढा. पाण्यातच कॅल्शियम, मॅग्नेशियम भरपूर असेल, तर तेच परत विकत का घ्यायचं? आपल्याकडे नारायणगावला कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथं विचारा.

आता टॉनिक. ह्युमिक, सीवीड, अमिनो, 'फुलवा', 'फुगवण'... मी स्वतः दुकानदार आहे, म्हणून सरळ सांगतो: खताच्या गोणीवर मार्जिन थोडं असतं, बाटलीवर बरंच जास्त. त्यामुळे काउंटरवरून बाटली पुढे सरकते. सगळी टॉनिकं खोटी आहेत असं मी म्हणत नाही. पण प्रत्येकाने आपला पगार कमावला पाहिजे.

समजा 20 गुंठ्यांना 1,200 रुपयांचं एक लिटर, महिन्यात तीनदा. झाले 3,600. तोडणी, पॅकिंग, गाडीभाडं जाऊन मिरचीचे किलोला 30 रुपये हातात येत असतील, तर त्या बाटलीने महिन्याला 120 किलो जादा माल द्यायला हवा. अशा तीन बाटल्या चालू असतील तर 360 किलो! बँकेचा हप्ता यातूनच जायचाय, लक्षात ठेवा.

देते की नाही, हे कसं कळणार? मधले दोन बेड सोडा (कडेचे नको, तिथं ऊन-वारा वेगळा लागतो). त्यांना खत सगळं तेच, फक्त टॉनिकची फवारणी नाही. शेजारच्या दोन बेडना द्या. चार तोडे वेगवेगळे मोजा आणि वहीत लिहा. 'पानाला काळोखी आली' हे वहीत लिहायचं नाही, किलो लिहायचे.

आणि बाटली घ्यायचीच असेल तर लेबल वाचा. 2021 पासून जैव-उत्तेजकं खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत. घटक आणि त्यांचं प्रमाण छापलेलं नसेल तर ती बाटली परत काउंटरवर ठेवा. घेतलीत तर बॅच नंबर टाकलेलं पक्कं बिल मागा. दुकानदार ओळखीचा असला तरी मागा, माझ्या दुकानात आलात तरी मागा.