कपाळातून नाक

नाकावरील न भरणारा बारीक व्रण बहुधा दुर्लक्षिला जातो. मलम लावले जाते, खपली पडते, पुन्हा धरते. त्यामागे त्वचेचा कर्करोग असू शकतो. त्यातील ‘बेसल सेल’ हा प्रकार दूरवर क्वचितच पसरतो. जागच्या जागी मात्र मांस आणि कूर्चा पोखरीत जातो. शस्त्राने तो काढता येतो. मग प्रश्न उरतो चेहऱ्याचा. आणि नाक जाणे म्हणजे अब्रू जाणे असे ज्या भाषेत मानतात, तेथे तो लहान नव्हे.

यावरील एक प्रमुख उपाय पुणे परिसरातून जगापुढे गेला, हे किती जणांस ठाऊक असेल? टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी नामक गाडीवानाला वीटकाम करणाऱ्या जातीतील एका कारागिराने कपाळाच्या कातडीचे नवे नाक घडवून दिले. १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने तो वृत्तान्त सचित्र छापला, १८१४ मध्ये कार्प्यू या शल्यविशारदाने तीच रीत तेथे अवलंबिली. कावसजीचे नाव राहिले. कारागिराचे मात्र कोणी टिपून ठेवले नाही. लेखणीवाल्यांची ही खोड जुनीच!

आजही कपाळाची कातडी खाली वळविताना रक्त पुरविणारा देठ भुवईपाशी राखतात व सुमारे तीन आठवड्यांनी कापतात. तो काळ रुग्णास आरशापुढे उभे राहू देत नाही. डॉक्टरांनी ही अवस्था आधीच छायाचित्रे दाखवून समजावून द्यावी. रजा मंजूर करणाऱ्या साहेबांनीही ध्यानात घ्यावे, की देठ कापल्यावर आकार सुधारण्यासाठी पुष्कळदा आणखी एक शस्त्रक्रिया करावी लागते.