चॅटबॉट शोधनिबंध कसे शोधतो? मक्यावरील लष्करी अळीचे उदाहरण

मोबाईलवरील चॅटबॉटला पिकाबद्दल विचारले की तो आता ‘संशोधनानुसार’ असे म्हणून उत्तर देतो. विस्तार कार्यकर्तेही सल्ल्याचा मसुदा करताना त्याची मदत घेऊ लागले आहेत. हे संशोधन तो आणतो कुठून आणि त्यावर कितपत विसंबावे, हे मक्यावरील अमेरिकन लष्करी अळीच्या उदाहरणातून समजून घेऊ.

शोधसाधन कसे चालते?

जो चॅटबॉट स्वतः दुसरी संगणकीय साधने वापरून काम करतो, त्याला एआय एजंट म्हणतात. शोधनिबंधांसाठी तो सिमँटिक स्कॉलर, ओपनअ‍ॅलेक्स यांसारख्या मोफत सूचींमध्ये शोध घेतो. अशा प्रत्येक साधनासोबत एक माहितीपत्रक असते. कोणते शब्द द्यायचे, कोणत्या वर्षापासूनचे निबंध मागायचे, किती मागायचे आणि उत्तरात काय मिळेल, हे त्यात लिहिलेले असते. एजंट ते वाचूनच साधन वापरतो.

उत्तरात साधारणपणे शीर्षक, लेखक, वर्ष, सारांश आणि डीओआय क्रमांक मिळतो. पूर्ण निबंध दर वेळी मिळतोच असे नाही. मात्रेचे तक्ते, मातीचा प्रकार, फवारणीची वेळ हा तपशील मात्र बहुधा पूर्ण निबंधातच असतो. ‘येथे फक्त सारांश मिळतो’ असे माहितीपत्रकात स्पष्ट नसेल, तर एजंट सारांशाच्या आधारावर पूर्ण निबंध वाचल्यासारखे उत्तर देऊ शकतो. धोका इथेच आहे.

विचारताना आणि तपासताना

१. किडीचे शास्त्रीय नाव द्या. आपल्याकडे ‘लष्करी अळी’ हे नाव जुन्या मिथिम्ना सेपरेटा या किडीलाही वापरतात. २०१८ मध्ये भारतात प्रथम कर्नाटकात मक्यावर आढळलेली कीड वेगळी, ती स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा. हे नाव इंग्रजी लिपीत टाकले तर शोध नेमका होतो. भारतातील निबंध हवे असतील तर ‘२०१८ नंतरचे’ असेही सांगा.

२. प्रयोग कुठे झाला ते विचारा. ही कीड मूळची अमेरिका खंडातील असल्याने ब्राझील व अमेरिकेतील निबंध खूप मिळतात. त्यांतील अनेक बीटी मक्यावरचे आहेत. भारतात बीटी मक्याच्या व्यावसायिक लागवडीला परवानगी नाही, त्यामुळे ते निष्कर्ष आपल्या शेतात जसेच्या तसे लागू होत नाहीत.

३. एकक पाहा. शोधनिबंधात मात्रा बहुधा ‘प्रति हेक्टर इतके ग्रॅम क्रियाशील घटक’ अशी असते. समजा, ५ टक्के तीव्रतेच्या दाणेदार कीटकनाशकाची मात्रा हेक्टरी १० ग्रॅम क्रियाशील घटक अशी दिली आहे. म्हणजे बाजारातील औषध हेक्टरी २०० ग्रॅम, एकरी सुमारे ८० ग्रॅम. चॅटबॉटने ‘हेक्टरी १० ग्रॅम औषध’ असे सांगितले, तर फवारणी विसाव्या हिश्श्याची होईल. अळी मरणार नाही, खर्च वाया जाईल आणि किडीत प्रतिकारशक्ती वाढण्याचा धोका राहील. (हा फक्त एककाचा हिशेब आहे, शिफारस नव्हे.)

४. डीओआय क्रमांक मागा. हा क्रमांक १० या अंकाने सुरू होतो. तो इंटरनेटवर टाकल्यावर त्याच शीर्षकाचा निबंध उघडला पाहिजे. उघडला नाही किंवा भलताच निबंध आला, तर ते उत्तर बाजूला ठेवा.

५. शेवटचा शब्द लेबलचा. एखादे औषध निबंधात प्रभावी ठरले म्हणून त्याला आपल्या पिकासाठी मान्यता आहेच असे नाही. लेबल क्लेम, काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी आणि कृषी विद्यापीठाची शिफारस पाहूनच फवारणी करा.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

शेतकरी उत्पादक कंपनी किंवा संस्थेसाठी चॅटबॉट तयार होत असेल, तर साधनाच्या माहितीपत्रकात पुढील सूचना लिहून घ्या:

• सारांश वाचला की पूर्ण निबंध, ते उत्तरात सांगावे.
• प्रयोगाचा देश, पीक, वर्ष आणि डीओआय द्यावा.
• मात्रा निबंधातील मूळ एककासह द्यावी. स्वतः रूपांतर करू नये.
• निबंध सापडला नाही तर ‘सापडला नाही’ असेच सांगावे.

चौथी सूचना विशेष महत्त्वाची आहे. ती नसेल तर एजंट रिकाम्या हाताने परतण्याऐवजी अंदाजाने उत्तर देण्याची शक्यता असते. ‘सापडला नाही’ असे उत्तर मिळाले, तर शेतकरी सहायक कृषी अधिकाऱ्याला किंवा कृषी विज्ञान केंद्राला विचारेल. अंदाजाने सांगितलेली मात्रा मात्र थेट पंपात जाते.